एचओमध्ये बीटीपीएन टँकर रेक: पाइप, बोगी, वजन आणि क्रमांक

मनमाड_जंक्शन

नमस्कार मंडळी,

मनमाडजवळच्या पानेवाडी तेल डेपोच्या साइडिंगवर आधारलेला मॉडेल रेल्वेचा लेआउट करतोय. स्केल एचओ, म्हणजे १:८७, रूळ नेहमीचे १६.५ मिमीचे. मुंबईहून पाइपलाइनने आलेलं पेट्रोल-डिझेल तिथे वाघिणींत भरलं जातं, त्यामुळे या लेआउटवर बीटीपीएन या टँकर वाघिणींचा रेक (एकत्र जोडलेली अख्खी मालगाडी) हवाच. पन्नास वाघिणींना जागा नाही. दहा वाघिणी आणि शेवटी एक बीव्हीझेडआय ब्रेकव्हॅन (गार्डचा डबा), एवढा बेत आहे.

मापं अशी धरली आहेत. कपलर ते कपलर १२४२० मिमी म्हणजे मॉडेलमध्ये १४२.८. हेडस्टॉक (सांगाड्याच्या टोकाची आडवी तुळई) ते हेडस्टॉक ११४९१ म्हणजे १३२.१. दोन बोगींच्या (वाघिणीखालचे चार-चार चाकांचे गाडे) मध्यांमधलं अंतर ८३९१ म्हणजे ९६.४. बोगीचा व्हीलबेस (तिच्या दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर) २००० म्हणजे २३. चाक १००० म्हणजे ११.५. काही चुकत असेल तर सांगा.

विचारायचं आहे ते असं: बॅरलसाठी (टाकीच्या नळकांड्यासाठी) कोणता पाइप घ्यावा? डिश एंड (टाकीच्या टोकांची फुगीर झाकणं) कसे करावेत? बीटीपीएनखाली असते त्या कॅसनब बोगीच्या जवळ जाणारं तयार काही मिळतं का? एका वाघिणीचं वजन किती ठेवावं? आणि दहा वाघिणींवर दहा वेगळे क्रमांक घालायचे तर ते मनाने लिहिता येतात, की त्यांना काही नियम आहे?

---

डिश_एंड

मापं बरोबर आहेत. बॅरलपासून सुरू करू, कारण ते चुकलं तर बाकी कितीही नीट केलं तरी वाघीण बीटीपीएन वाटत नाही.

बॅरलचा आतला व्यास २८५० मिमी. पत्र्याची जाडी धरून बाहेरून २८७० च्या आसपास. भागिले ८७ केलं की ३३ मिमी येतात. शेतीच्या कामाला वापरतात तो ३२ मिमीचा राखाडी पीव्हीसी पाइप घ्या. त्याचं ३२ हे माप बाहेरच्या व्यासाचंच असतं. त्यावर ०.५ मिमी पॉलिस्टायरीन शीटचा एक वेढा दिला की नेमके ३३ मिमी होतात.

लांबी थोडी हिशेबाने काढावी लागते. टाकीची क्षमता ७०.४ घनमीटर. २.८५ मीटर व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ६.३८ चौरस मीटर. दोन्ही टोकांच्या डिश नेहमीच्या प्रमाणात धरल्या (खोली व्यासाच्या १९ टक्क्यांच्या आसपास), तर दोघींत मिळून ४.६ घनमीटर बसतात. उरलेल्या ६५.८ घनमीटरसाठी सरळ भाग १०.३ मीटर लागतो. म्हणजे पाइपचा तुकडा ११८.५ मिमी, आणि दोन्ही बाजूंना ६.३ मिमी खोलीच्या डिश. एकूण १३१ मिमी. हेडस्टॉकच्या १३२ मध्ये ते जेमतेम बसतं, आणि खऱ्या वाघिणीतही बॅरल जवळपास हेडस्टॉकपर्यंत पोचलेलं दिसतं. मध्येच संपणारं आखूड बॅरल ही या मॉडेलमधली सर्रास दिसणारी चूक आहे.

पाइप कापताना कागदाची सरळ पट्टी भोवती घट्ट गुंडाळून तिच्या कडेने रेघ मारा. माइटर बॉक्समध्ये एक मिमी जास्त ठेवून कापा आणि मग काचेवर चिकटवलेल्या १२० नंबरच्या पॉलिश पेपरवर टोक घासत मापाला आणा. टोक तिरकं राहिलं तर डिश एंड वाकडा बसतो आणि रेकमध्ये शेजारच्या वाघिणीपाशी ते लगेच दिसतं.

शीट ११८.५ × १०३ मिमी कापा. वेढ्याला प्रत्यक्षात १०२ लागतात, जास्तीचा एक मिमी शेवटी छाटायचा. पत्र्यांच्या वेल्डचे जोड शीट सपाट असतानाच हलक्या हाताने कोरून घ्या, गोल झाल्यावर रेघ सरळ येत नाही. मग शीट २५ मिमीच्या पाइपवर कापडाने घट्ट बांधून गरम पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवा आणि बांधलेल्या अवस्थेतच थंड होऊ द्या. पाणी उकळतं नको, साधारण ८० अंश पुरे. शीटला वळण बसलं की चिकटवताना ती उलटी उघडू बघत नाही. जोड खालच्या बाजूला, सांगाड्याच्या मधल्या तुळईवर येईल असा ठेवा.

चिकटवायला प्लंबरचं पीव्हीसी सोल्युशन अजिबात नको, ते पॉलिस्टायरीन विरघळवतं. शीटसाठीचं पातळ सॉल्व्हंटही सगळीकडे फासू नका. शीट आणि पाइप यांच्यामध्ये अडकलेल्या सॉल्व्हंटला बाहेर पडायला वाट नसते. ते आठवडे-आठवडे शीट मऊ ठेवतं आणि रंग दिल्यानंतर बॅरलवर खळगे पडतात. पाइप ३२० च्या पेपरने खरखरीत करून पातळ दुहेरी टेप लावा आणि जोडावर फक्त फेविक्विकची बारीक रेघ द्या.

---

शेड_मिरज

बॅरलच्या लांबीचा हिशेब पटला. पाइपबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे.

इमारतीच्या नळकामात वापरतात तो एक इंची यूपीव्हीसी, शेड्यूल ४० चा पाइप बघा. त्याचा बाहेरचा व्यास ३३.४ मिमी असतो. स्केलमध्ये हा २९०६ मिमी होतो, म्हणजे मॉडेलवर फक्त ०.४ मिमी जास्त. डोळ्याला ते कळत नाही. शीटचा वेढा, टेप, जोड भरणं हे सगळं वाचतं आणि दहा वाघिणी करायच्या तर हा वेळ मोठा आहे. दुकानात 'एक इंची' म्हणून मागितलं की कधी ३२ चा पाइप हातात देतात, कधी ३३.४ चा. वर्निअर घेऊनच जा. एकाच रेकमध्ये दोन्ही मिसळू नका, शेजारी शेजारी उभे राहिले की फरक दिसतो.

दुसरा फायदा वजनाचा. एनएमआरए या अमेरिकन मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एचओ वाघिणीचं वजन एक औंस अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. आपली लांबी ५.६ इंच, म्हणजे ३.८ औंस, साधारण १०८ ग्रॅम. शेड्यूल ४० ची भिंत ३.४ मिमी जाड असते, त्यामुळे ११८.५ मिमीचा तुकडाच ५३ ग्रॅमच्या आसपास भरतो. धातूच्या चाकांसह दोन बोगी २० ते २५ ग्रॅम, सांगाडा, डिश एंड आणि कपलर १२ ग्रॅम. उरलं किती, तर वीसेक ग्रॅम. ३२ मिमीचा पाइप दोन मिमी भिंतीचा धरला तर शीटसह ३७ ग्रॅमच होतो, तिथे ३५ ते ४० ग्रॅम घालावे लागतात.

हे वजन टायरवाल्याकडच्या चिकट पट्ट्यांनी भागतं. पाच-पाच ग्रॅमचे तुकडे तोडून बॅरलच्या आत तळाशी, लांबीच्या मध्यावर दोन्ही बाजूंना समान बसवा. त्यांच्या स्वतःच्या गोंदावर विसंबू नका. वजन सुटून आत घरंगळलं तर डिश एंड फोडल्याशिवाय बाहेर काढता येत नाही. अ‍ॅरलडाइट लावा. पट्ट्या शिशाच्या असतील तर फेविकॉलसारखा पांढरा गोंद वापरू नका. त्यातल्या अ‍ॅसेटिक आम्लाने शिसं हळूहळू पांढऱ्या भुकटीत बदलतं, फुगतं, आणि बंद टाकीत फुगायला जागा नसल्याने बाजू फाटते. हे घडायला काही वर्षंही लागतात, त्यामुळे सुरुवातीला सगळं उत्तम दिसतं.

१०८ ग्रॅमच्या वर जायचा मोह टाळा. दहा वाघिणींचं वजन १०८० ग्रॅम. १:५० चढावर फक्त चढासाठीच इंजिनाला सुमारे २२ ग्रॅम ओढ लागते, चाकांचं घर्षण आणि वळण यांची भर वेगळी. वजन वाढवून वाघीण स्थिर होते हे खरं, पण चढावर इंजिनाची चाकं जागीच फिरायला लागतात.

---

डिश_एंड

शेड्यूल ४० ला विरोध नाही. वेल्डचे जोड दाखवायचे नसतील तर तोच घ्या. फक्त त्या पाइपवरची छापील अक्षरं घासूनच काढा. अ‍ॅसिटोनने पुसली तर पृष्ठभाग मऊ पडून चरे उमटतात आणि चंदेरी रंगाखाली ते ठळक दिसतात.

---

थ्रीडी_ठाणे

डिश एंड आणि बोगी या दोन गोष्टींबद्दल लिहितो.

बॅरल प्रिंट करू नका. रेझिनमध्ये आडवं ठेवलं तर लांबीत वाकतं, आणि पोकळ बॅरलमध्ये न सुकलेलं रेझिन राहिलं तर काही महिन्यांनी रंगातून पाझरतं. फिलामेंट प्रिंटरवर गोलाईचे थर पायऱ्यांसारखे उमटतात. पाइपच बरा. छोटे भाग मात्र रेझिनमध्ये अप्रतिम निघतात: डिश एंड, मधला डोम (बॅरलवरचं भरण्याचं तोंड), सॅडल (बॅरल पेलणारे आधार), तळाचे डिस्चार्ज व्हॉल्व्ह, ब्रेक सिलिंडर.

डिश एंड काढताना वक्रता दोन भागांत ठेवा. मधल्या भागाची त्रिज्या व्यासाएवढी, म्हणजे ३३ मिमी, आणि कडेचा वळसा व्यासाच्या दहाव्या भागाचा, ३.३ मिमी. खोली आपोआप ६.३ ते ६.४ येते. कडेचा वळसा न देता नुसता गोलाचा काप लावला तर टाकी कॅप्सूलच्या गोळीसारखी दिसते. मागच्या बाजूला पाइपच्या आतल्या व्यासापेक्षा ०.२ मिमी कमी व्यासाची चार मिमी लांब कॉलर ठेवा म्हणजे तो बरोबर मध्यावर बसतो. एका बाजूचा डिश एंड वजन घालून, वाघीण रुळावर चालवून बघितल्यानंतरच चिकटवा. कॉलरमध्ये एक बारीक भोक असू द्या, नाहीतर आत दाबली गेलेली हवा डिश एंडला बाहेर ढकलते आणि गोंद सुकेपर्यंत तो तिरका होतो.

आता बोगी. कॅसनब ही तीन तुकड्यांची ओतीव बोगी आहे: दोन साइड फ्रेम आणि त्यांच्यामधली आडवी तुळई, म्हणजे बोल्स्टर. अमेरिकन मालवाहू बोगीशी तिचं नातं जवळचं, म्हणून बाजारातल्या अमेरिकन बोगी चालतात. पण १०० टनी बोगीचा व्हीलबेस एचओत २०.४ मिमी असतो आणि चाक १०.५ मिमी. १२५ टनी बोगीचा व्हीलबेस २१ मिमी, चाक ११.१. आपल्याला २३ हवेत. तेव्हा तयार घ्यायचीच तर १२५ टनी घ्या, दोन मिमीची तूट राहील.

त्याहून जास्त खटकते ती रुंदी. कॅसनबमध्ये एका अ‍ॅक्सलच्या दोन जर्नलमधलं (अ‍ॅक्सलची बेअरिंगमध्ये बसणारी टोकं) अंतर २२६० मिमी, एचओत २६. अमेरिकन बोगीत हेच अंतर २३ च्या आसपास. रूळ १६.५ चे असल्याने चाकं खऱ्यापेक्षा आत आहेतच (ब्रॉडगेजचे १६७६ मिमी एचओत १९.३ होतात). निदान साइड फ्रेम तरी बाहेर असतील तर बाजूने आणि तिरकं बघताना वाघीण ब्रॉडगेजची दिसते. म्हणून मी साइड फ्रेम प्रिंट करण्याच्या बाजूने आहे: मध्य ते मध्य २६ मिमी, व्हीलबेस २३.

चाकं युरोपीय एचओची ११ मिमीची घ्या. स्केलमध्ये ९५७ मिमी होतात. खरं चाक नवीन असताना १००० आणि झिजून ९०६ ला बाद होतं, म्हणजे ११ मिमी अगदी मधलं माप आहे. त्यांचे अ‍ॅक्सल साधारण २४.७५ मिमी लांब असतात, म्हणून फ्रेमच्या आतल्या बाजूला एक मिमीचा उंचवटा ठेवून त्यात पितळी बेअरिंग कप बसवा. अ‍ॅक्सल थेट रेझिनमध्ये फिरवू नका. टोकदार टोकं रेझिन कोरत जातात, भोक लांबट होतं आणि वाघीण एका बाजूला कलते. कप बसवल्यावर अ‍ॅक्सलला आडवी हालचाल ०.३ ते ०.५ मिमी असावी.

अ‍ॅक्सलच्या टोकावरच्या टोपीवर तीन बोल्ट दाखवायला विसरू नका. ही बोगी ओळखण्याची ती पहिली खूण.

---

मनमाड_जंक्शन

सगळ्यांचे आभार. शेड्यूल ४० चा पाइप आणि प्रिंट केलेल्या बोगी घेऊन एक नमुना उभा केला आहे. दोन अडचणी आहेत. इंजिनाने ओढताना वाघीण ठीक चालते, पण ढकलताना सांध्यावर (गाडी रूळ बदलते तिथे) पुढची बोगी उतरते. दुसरं म्हणजे कपलरची उंची. खऱ्या मापाने बसवला तर इंजिनाच्या कपलरपेक्षा बराच वर येतोय.

---

शेड_मिरज

दोन्ही अडचणी एकमेकींशी जोडलेल्या आहेत.

भारतीय ब्रॉडगेजवर कपलरची उंची रिकाम्या वाघिणीत जास्तीत जास्त ११०५ मिमी, भरलेल्या वाघिणीत कमीत कमी १०३०. एचओत ११०५ चे १२.७ मिमी होतात. एनएमआरएची उंची ९.९ मिमी, कारण ती अमेरिकन गाड्यांवरून ठरली आहे. फरक २.८ मिमी. तुमच्या इंजिनाचा कपलर ९.९ वर असेल तर सगळा रेक ९.९ वरच ठेवा. कपलरची पेटी हेडस्टॉकच्या मागे, सांगाड्याच्या तळाला पट्टी लावून खाली उतरवा आणि हेडस्टॉकमधलं खरं कपलरचं भोक तसंच दाखवून ठेवा. कपलर बरोबर बसवायचा म्हणून अख्खी वाघीण खाली दाबू नका. मग बॅरल रुळाला टेकल्यासारखं दिसतं आणि चाकं तुळईला घासतात. वरची मर्यादाही तपासा: डोम आणि रेलिंग धरून कोणताही भाग रुळापासून ४९ मिमीच्या वर जाता कामा नये. भारतीय रेल्वेची कमाल उंची ४२६५ मिमी आहे, तिचं हे रूप.

ढकलताना बोगी उतरण्याचं पहिलं कारण उंचीतला हा फरक. कपलर वर-खाली असले की ढकलण्याचा जोर तिरका लागतो आणि एक टोक उचललं जातं. उंची सारखी केल्यावरही उतरत असेल तर बोगीचे स्क्रू बघा. दोन्ही घट्ट असतील तर वाघीण टेबलासारखी चार कोपऱ्यांवर उभी राहते आणि रुळाच्या उंचसखलपणात एक चाक हवेत जातं. एका बोगीचा स्क्रू असा आवळा की ती फक्त डावी-उजवी फिरेल, कलणार नाही. दुसरीचा अर्धा फेरा सैल ठेवा, ती सगळीकडे कलली पाहिजे. तीन बिंदूंवरचा हा आधार दहाही वाघिणींना द्या.

तिसरं, चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. १४.४ मिमीच्या आसपास हवं. कमी असेल तर सांध्याच्या चेकरेलला (चाकाला आतून धरणारा जादा रूळ) चाक आपटतं, जास्त असेल तर फ्रॉगच्या (दोन रूळ छेदतात तो भाग) टोकावर चढतं. चाक अ‍ॅक्सलवर फिरवत फिरवत सरकवा, सरळ ठोकू नका, नाहीतर ते डगमगतं.

---

थ्रीडी_ठाणे

यात एक भर. तळाच्या मधल्या व्हॉल्व्हपासून दोन्ही बाजूंना जाणारे डिस्चार्ज पाइप आणि ब्रेकचे दांडे चाकांपासून किमान दीड मिमी लांब ठेवा. तुमच्या सगळ्यात तीव्र वळणावर वाघीण उभी करून बोगी दोन्हीकडे पूर्ण फिरते का ते बघा, मगच हे भाग चिकटवा.

रेलिंग आणि शिडीच्या दांड्यांना २७ गेजची पितळी तार वापरा, ०.४२ मिमी. खरा ३२ मिमीचा पाइप एचओत ०.३७ होतो, तेव्हा यापेक्षा जाड तार नको. गिटारची साधी ०.०१६ इंची तारही चालते आणि ती वाकत नाही, पण पोलादी असल्याने चांगला निपर तिच्यावर वाया घालवू नका.

संदर्भाचे फोटो निवडताना बीटीएफएलएन गळाला लागणार नाही याची काळजी घ्या. त्या फ्रेमलेस वाघिणीत भार बॅरलच पेलतं, दोन बोगींच्या मध्ये सांगाडा नसतो. बीटीपीएनमध्ये बॅरल सॅडलवर बसतं आणि खालून सलग सांगाडा दिसतो. एलपीजीच्या बीटीपीजीएलएनचा तर विचारच वेगळा करावा लागतो: कपलर ते कपलर १९ मीटरच्या घरात, म्हणजे एचओत सुमारे २२० मिमी.

---

क्रमांक_पाटी

क्रमांक मनाने लिहू नका, नियम सोपा आहे. भारतीय रेल्वेच्या वाघिणींचा क्रमांक ११ अंकी असतो. पहिले दोन अंक वाघिणीच्या प्रकाराचे, आणि टँकरसाठी ४० ते ४९ हा गट आहे. पुढचे दोन मालक रेल्वेचे: मध्य रेल्वे ०१, पश्चिम ०८, दक्षिण मध्य ०९. मग दोन अंक बांधणीच्या वर्षाचे, चार अंक त्या वाघिणीचा स्वतःचा क्रमांक, आणि शेवटचा पडताळा अंक.

पडताळा अंक असा काढतात. पहिल्या दहा अंकांपैकी सम स्थानांवरच्या अंकांची बेरीज करून तिला तीनने गुणा. त्यात विषम स्थानांवरच्या अंकांची बेरीज मिळवा. येणाऱ्या संख्येत जेवढे मिळवल्यावर पुढची दहाची पट होते, तो पडताळा अंक.

उदाहरण म्हणून ४० ०१ ०५ १२३४ घ्या, म्हणजे टँकर, मध्य रेल्वे, २००५. सम स्थानांवर ०, १, ५, २, ४: बेरीज १२, गुणिले तीन ३६. विषम स्थानांवर ४, ०, ०, १, ३: बेरीज ८. एकूण ४४. पन्नासला सहा कमी, म्हणून पूर्ण क्रमांक ४००१०५१२३४६. शेवटचे चार अंक १२३५ केले तर सम स्थानांची बेरीज १३, तिप्पट ३९, अधिक ८ म्हणजे ४७, आणि पडताळा अंक ३. दहा वाघिणींना सलग क्रमांक देऊ नका. रेकमध्ये वेगवेगळ्या वर्षांच्या आणि वेगवेगळ्या रेल्वेंच्या वाघिणी मिसळलेल्या असतात. दोन-तीन पश्चिमच्या, एखादी दक्षिण मध्यची ठेवा आणि मळही त्यानुसार कमी-जास्त चढवा.

अक्षरं फिकट बॅरलवर काळी असतील तर साध्या लेसर प्रिंटरवर पारदर्शक डेकल कागद (छापलेली अक्षरं मॉडेलवर उतरवायचा) चालतो. गडद बॅरलवर पांढरी अक्षरं हवी असतील तर पांढऱ्या टोनरची छपाई बाहेरून करून घ्यावी लागते, घरचा प्रिंटर पांढरं छापत नाही. डेकल मॅट रंगावर थेट लावलं तर खालच्या खरखरीत पृष्ठभागात हवा अडकून कडा चंदेरी चमकतात. आधी चकचकीत वॉर्निश, मग डेकल, मग मॅट वॉर्निश.

मळ त्यानंतर. भरताना सांडलेल्या तेलाचे ओघळ डोमच्या तोंडापासून बॅरलच्या पोटापर्यंत उतरतात, दोन्ही बाजूंना सारखे नसतात, आणि क्रमांकाची जागा पुष्कळदा पुसून स्वच्छ केलेली असते. काळा आणि बर्न्ट अंबर ऑइल कलर व्हाइट स्पिरिटमध्ये पातळ करून ब्रशने वरून खाली एकाच दिशेने ओढा. बोगी आणि सांगाड्यावर ब्रेकची तांबूस-तपकिरी धूळ द्या. चाकांच्या रुळावर फिरणाऱ्या कडेला रंग लागला तर तो लगेच पुसा, नाहीतर तो रुळावर चढून इंजिनाचा वीजसंपर्क तुटायला लागतो.